हुज्जत
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : बाल्टिमोरचं मेमोरियल स्टेडियम, १७ सप्टेंबर १९८०. पहिल्या बेसपाशी पंच आणि मॅनेजर समोरासमोर.]

डगआऊटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, तरातरा चालत आलेले हे अर्ल वीव्हर. बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. उंची साडेपाच फुटांच्या जराशीच वर. पंचाशी भांडताना टोपी उलटी फिरवायची त्यांची जुनी सवय, म्हणजे टोपीचा पुढचा भाग आड न येता थेट नाकाला नाक भिडवता येतं. समोर उभे आहेत पंच बिल हॅलर. सामना डेट्रॉईट टायगर्सशी, इनिंग पहिलीच. बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यावर, धावपटू असताना पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, चेंडू टाकण्याची हालचाल नियमाप्रमाणे केली नाही, तर त्याला 'बॉक' म्हणतात आणि धावपटूला पुढचा बेस फुकट मिळतो. हॅलर यांनी ओरिओल्सच्या माइक फ्लॅनगनविरुद्ध तो दिलाय.

अशी भांडणं हजारो झाली. हे ऐकायला मिळतं, कारण टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी हॅलर यांनी त्या दिवशी अंगावर मायक्रोफोन लावलेला होता.

[मूळ ध्वनी. शिव्यांच्या जागी बीप.]

नीट बघा. वीव्हर यांना मैदानाबाहेर काढलं जातं ते अगदी सुरुवातीलाच. खरी जुंपते ती त्यानंतर. तू मला बोट लावलंस. नाही लावलं. तू खोटारडा आहेस. खोटारडा तू. मग वीव्हर म्हणतात, पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, कोण जातं ते बघशील. त्यावर हॅलर त्यांना हातून गेलेल्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेची, आठवण करून देतात. पंचानं असं अरेला कारे करायला नको होतं, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. वीव्हर १९९६मध्ये खरोखरच हॉल ऑफ फेममध्ये गेले. आपल्या कारकिर्दीत ते नव्वदहून जास्त वेळा बाहेर काढले गेले. एकाच दिवशी दोन सामने असताना दोन्हींतून हकालपट्टी, हेही त्यांच्या वाट्याला आलं.

कॅमेरा नेहमी मॅनेजरवर असतो. तो माती उडवतो, टोपी आपटतो, प्रेक्षक उठून उभे राहतात. आम्ही ही जुनी चित्रं लावली ती त्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसासाठी.

[दृश्य : होम प्लेटच्या मागून. मास्क घातलेला पंच गुडघ्यांत वाकतो. चेंडू संथगतीत.]

ही होम प्लेट. रुंदी १७ इंच. साडेसाठ फुटांवरून पिचर चेंडू टाकतो, वेग ताशी दीडशे किलोमीटर. हातातून सुटल्यापासून इथवर यायला सेकंदाचे साधारण चार दशांश लागतात. बॅटरनं न मारलेला चेंडू स्ट्राईक झोन नावाच्या चौकटीतून गेला तर स्ट्राईक, नाहीतर बॉल; तीन स्ट्राईकना बॅटर बाद, चार बॉलना पहिला बेस फुकट. हा झोन खालून गुडघ्याच्या वाटीच्या तळाशी सुरू होतो आणि वर खांदा व कंबरपट्टा यांच्या मध्यापर्यंत जातो. म्हणजे बॅटर बदलला की झोनही बदलला. ही चौकट हवेत असते, तिला रेघ नाही. कॅचर चेंडू पकडता पकडता हातमोजा अलगद आत ओढतो, बाहेरचा चेंडू आतला वाटावा म्हणून. एका सामन्यात तीनशेच्या आसपास चेंडू पडतात आणि जवळपास निम्म्यांवर बॅटर बॅटच फिरवत नाही. त्या प्रत्येकावर पंचानं लगेच, मोठ्यानं, सगळ्यांदेखत निकाल द्यायचा. अलीकडच्या मोजणीनुसार मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे, पंच शंभरातले सुमारे ९४ निकाल अचूक देतात.

उरलेल्या सहांवर हा सगळा तमाशा उभा आहे.

[दृश्य : फ्लोरिडातली पंचांची शाळा. विद्यार्थी ओळीत उभे, एकजात हात उंचावून 'आऊट'चा सराव.]

मेजर लीगमध्ये कायमस्वरूपी पंच फक्त ७६. चौघांची एक तुकडी, अशा १९ तुकड्या. इथवर यायचं तर आधी अशी शाळा, मग मायनर लीगची, म्हणजे खालच्या पायरीच्या सामन्यांची, वर्षानुवर्षांची पायपीट: लहान गावं, रात्रीचे प्रवास, तुटपुंजा पगार. शाळेत नियम शिकवतात, पाय कुठे ठेवायचा ते शिकवतात आणि चिडलेल्या मॅनेजरसमोर उभं राहायलाही शिकवतात. शिक्षकच मॅनेजर होऊन अंगावर धावून येतो, आणि विद्यार्थ्यानं आवाज न चढवता ऐकून घ्यायचं असतं. कुठपर्यंत ऐकायचं, हाच त्यातला सगळ्यात अवघड धडा.

नियमाचं पुस्तक याबाबत मोघम नाही. पंचाच्या नजरेवर सोपवलेला निकाल अंतिम असतो आणि त्याला हरकत घेता येत नाही. बॉल की स्ट्राईक यावर वाद घालायला कुणी जागा सोडून आलं तर आधी ताकीद, आणि तरी थांबला नाही तर बाहेर. चौघांपैकी प्रत्येक पंचाला हा अधिकार आहे, मग समोर खेळाडू असो, कोच असो की मॅनेजर. खेळ चालू असताना पंचानं कुणाला बाहेर काढलं, तर तो खेळ पूर्ण थांबेपर्यंत हकालपट्टी लागू होत नाही. रागाच्या भरात दिलेल्या शिक्षेनं चालू डाव बिघडू नये याची काळजी पुस्तकानं घेतली आहे.

बाहेर काढलेल्यानं कपडे बदलण्याच्या खोलीत जाऊन बसायचं. नाहीतर साधे कपडे घालून मैदान सोडायचं, किंवा प्रेक्षकांत आपल्या संघाच्या बाकापासून लांब बसायचं. आणि पंचाचं काम सामन्यानंतरही संपत नाही. बारा तासांच्या आत लीगकडे अहवाल पाठवायचा, काय झालं आणि का काढलं. अश्लील शिवीगाळ किंवा अंगावर हात टाकण्यासारखा प्रकार असेल तर चार तासांत. बाकी सगळे जेवायला जातात तेव्हा हा माणूस आठवून आठवून लिहीत बसलेला असतो.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. बॉस्टनचं फेनवे पार्क.]

२३ जून १९१७. बेब रूथ तेव्हा बॉस्टनचा पिचर होता. वॉशिंग्टनच्या पहिल्याच बॅटरला चार बॉल गेले आणि पंच ब्रिक ओवेन्स यांच्याशी रूथची हमरीतुमरी झाली. ओवेन्स यांनी त्याला बाहेर काढलं, तर रूथनं त्यांना ठोसाच लगावला. त्याच्या जागी अर्नी शोर आला. बेसवरचा धावपटू चोरटी धाव घेताना बाद झाला आणि पुढचे २६ बॅटर शोरनं ओळीनं बाद केले. रूथला शंभर डॉलर दंड आणि दहा दिवसांची बंदी. ठोशाचं चित्रीकरण कुठेच नाही.

[दृश्य : यांकी स्टेडियम, २४ जुलै १९८३. दोन मिनिटांचा अखंड तुकडा.]

याचं मात्र आहे. नववी इनिंग, दोघे बाद, यांकीज ४-३नं पुढे. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटनं गूस गॉसेजला दोन धावांचा होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर आणि बेसवरच्या धावपटूसह ब्रेटचीही धाव पूर्ण. ५-४. ब्रेट डगआऊटमध्ये जाऊन बसलाय. इकडे यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन पंचांना म्हणतात, त्याची बॅट तपासा.

बॅटची पकड घट्ट राहावी म्हणून तिला देवदारासारख्या झाडाचा चिकट राळ लावतात. नियम होता, मुठीकडून १८ इंचांपर्यंतच. होम प्लेटवर आहेत टिम मॅकलेलंड, साडेसहा फूट उंच. बघा, ते बॅट प्लेटवर आडवी ठेवतात. प्लेट १७ इंचांची, म्हणजे मोजपट्टी पायाशीच. राळ त्याच्या कितीतरी पुढे गेलेली. मॅकलेलंड उठतात, डगआऊटकडे बघतात, बॅट ब्रेटकडे रोखतात आणि हात उंचावतात. बाद.

पुढचं चित्र अमेरिकेत लहान पोरांनाही पाठ आहे.

[मूळ ध्वनी.]

ब्रेटला मागून गळ्याशी धरून आवरणारे पंच आहेत जो ब्रिंकमन. मॅकलेलंड जागचे हललेले नाहीत. त्यांचा हात परत वर गेला नाही, त्यांनी उलट एक शब्द टाकला नाही. ब्रेट हा तिसरा बाद, त्यामुळे सामना संपला होता आणि बाहेर काढायला सामनाच उरला नव्हता.

रॉयल्सनी दाद मागितली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ती मान्य केली, नियमाचा हेतू बॅटला जास्त राळ लावणाऱ्याला बाद देण्याचा नव्हता म्हणून. होम रन धरला गेला. पण त्याच निकालात मॅकफेल यांनी ब्रेट, मॅनेजर डिक हाउझर आणि कोच रॉकी कोलाव्हितो यांना त्या दिवशीच्या वर्तनाबद्दल मागाहून बाहेर काढलं. बॅट पळवून लपवण्यात हात असलेल्या गेलॉर्ड पेरीलाही. निकाल चुकला, तरी पंचावर धावून जाणं माफ झालं नाही. आम्हाला हा भाग होम रनइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि तो फार क्वचित दाखवला जातो.

उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळवला. खेळ दहा मिनिटांच्या आत उरकला. पण तिथेही मार्टिन म्हणाले, ब्रेटनं सगळ्या बेसना पाय लावला कशावरून, आज तर पंच वेगळे आहेत. तेव्हा पंच डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून कागद काढला. आधीच्या चारही पंचांनी सही केलेलं प्रतिज्ञापत्र: लावला होता.

[दृश्य : न्यूयॉर्क, ९ जून १९९९. डगआऊटच्या कोपऱ्यात गॉगल घातलेला माणूस.]

हे मेट्सचे मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन. बाराव्या इनिंगमध्ये पंच रँडी मार्श यांनी त्यांना बाहेर काढलं होतं. डोळ्यांखाली लावायच्या काळ्या पट्ट्यांची मिशी करून ते परत आले. दोन सामन्यांची बंदी, पाच हजार डॉलर दंड.

[दृश्य : अटलांटा, १४ ऑगस्ट २००७.]

आणि हे बॉबी कॉक्स, अटलांटा ब्रेव्ह्जचे. चिपर जोन्सला तिसरा स्ट्राईक दिला म्हणून पंच टेड बॅरेट यांच्याशी वाद, हकालपट्टी, आणि जॉन मॅकग्रॉ यांचा १३१ हकालपट्ट्यांचा जुना विक्रम मोडला. निवृत्तीपर्यंत नियमित मोसमांतला आकडा १५८वर गेला. कॉक्सना त्यांचे खेळाडू जीव लावत ते याचसाठी: खेळाडू तापला की हे मध्ये पडत, म्हणजे बाहेर जायची वेळ आली तर आपल्यावर यावी आणि खेळाडू सामन्यात राहावा. वर्षानुवर्षं ही रीत पंचांनाही ठाऊक होती. दोघे आपापलं काम करत होते.

मराठी प्रेक्षकाला इथे मेलबर्न आठवेल. १९८१. डेनिस लिलीच्या चेंडूवर रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरांना पायचीत दिलं आणि गावसकर चेतन चौहानना घेऊन तंबूकडे निघाले. संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनी चौहानना सीमेवरून परत पाठवलं. मैदानातले दोन पंच बघत राहिले. खेळाडूला मैदानाबाहेर पाठवायचा अधिकार क्रिकेटच्या नियमांत आला तो २०१७मध्ये.

[दृश्य : न्यूयॉर्क, मे २०१६. पंचाच्या मायक्रोफोनवरचा ध्वनी.]

हे ध्वनिमुद्रण दोन वर्षांनी बाहेर आलं. मेट्सच्या नोआ सिंडरगार्डनं चेस अटलीच्या पाठीमागून चेंडू टाकला आणि त्याला ताकीद न देता थेट बाहेर काढलं गेलं. मॅनेजर टेरी कॉलिन्स भडकलेत. त्यांच्याशी बोलणारा आवाज पंचांच्या तुकडीचे प्रमुख टॉम हॅलियन यांचा. कॉलिन्सना ते बाजूला घेतात. आमची अडचण समजून घ्या, म्हणतात. ओरडणारा माणूस ओरडत राहतो, आणि हे त्याच्या नावानं, खालच्या पट्टीत, पुन्हा पुन्हा समजावत राहतात. कॉलिन्सही बाहेर गेले. पण हा आवाज ऐका. शाळेत जे शिकवतात ते हेच.

चुका होतात. एप्रिल २०२४मध्ये यांकीजचे मॅनेजर ॲरन बून यांना पंच हंटर वेंडेलस्टेड यांनी बाहेर काढलं, सामन्याचे जेमतेम पाच चेंडू झाले असताना. ओरडला होता डगआऊटमागचा एक प्रेक्षक.

[दृश्य : डेट्रॉईट, २ जून २०१०. पहिला बेस. मग दुसऱ्या दिवशीची होम प्लेट.]

टायगर्सचा अर्मांडो गॅलारागा. ओळीनं २६ बॅटर बाद केलेत. आणखी एक बाद झाला की 'परफेक्ट गेम', म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड बेसवर धावतो. चेंडू आधी पोचलाय, पडद्यावर दिसतंच आहे. पंच जिम जॉइस 'सेफ', म्हणजे नाबाद, देतात. गॅलारागा हसतो आणि परत जाऊन पुढचा बॅटर बाद करतो. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस म्हणाले, त्या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला. त्या दिवशी कुणालाही बाहेर काढलं गेलं नाही. कमिशनर बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर जॉइस होते, आणि संघाची यादी द्यायला गॅलारागा आला.

[मूळ ध्वनी. निवेदन नाही.]

२०१४पासून अनेक प्रकारचे निकाल न्यूयॉर्कमधल्या खोलीत चित्रफितीवर तपासता येऊ लागले. तपासणीनंतरही वाद घातला तर थेट हकालपट्टी. दंड, बंदी हे चालूच असतं. शाळकरी सामन्यांत पालकांच्या शिव्यांना कंटाळून अनेक पंचांनी काम सोडलंय, आणि कित्येक ठिकाणी सामन्याला पंच मिळत नाही.

[दृश्य : २०२५चे सराव सामने. बॅटर हेल्मेटवर हात आपटतो. मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग.]

चित्रफितीच्या तपासणीतून बॉल आणि स्ट्राईक वगळलेले होते, त्यामुळे अलीकडे निम्म्याहून जास्त हकालपट्ट्या त्यांवरूनच होत. सप्टेंबर २०२५मध्ये मेजर लीगनं २०२६च्या मोसमासाठी बॉल-स्ट्राईक तपासणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. आव्हान द्यायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, तेही तत्काळ, डोक्याला हात लावून. मॅनेजरला तो अधिकार नाही. चेंडूचा निकाल आधी पंचच देतात, आणि दोन्ही आव्हानं वाया गेली की तोच कायम राहतो.