मुळांनी धरलेलं घर

लांबून पाहिलं तर हिरव्या टेकाडांची ओळ वाटते. जवळ जावं, तर टेकाडाला लाकडी दार आहे. दाराशेजारी खिडकी आहे.

उत्तर आइसलँडमधलं हे ग्लॉयम्बायर. एकमेकांना चिकटलेली 13 घरं आणि त्यांना जोडणारा लांब, अंधारा बोळ. 1947 पर्यंत इथं माणसं नांदत होती.

नवव्या शतकात नॉर्वेकडून लोक या बेटावर आले, तेव्हा इथं बर्चची राने होती. ती भराभर तुटली. मग घराचे खांब, तुळया आणि वासे यांच्यासाठी आधार उरला तो समुद्रानं सैबेरियाकडून वाहून आणलेल्या ओंडक्यांचा. भिंतीला एवढं लाकूड कुठलं? ग्लॉयम्बायरच्या आसपास तर बांधकामाजोगा दगडही नाही. पाणथळ जमीन मात्र भरपूर, आणि तिच्यात गच्च विणलेली गवताची मुळं.

ही भिंत जरा जवळून बघा. माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते ना? मुळांसकट कापलेली, पाचरीच्या आकाराची ही मातीची ढेकळं. एक थर डावीकडे कललेला, वरचा उजवीकडे. थरांमध्ये लांब पट्टे अंथरलेले, आणि भिंतीच्या पोटात माती ठासून भरलेली. चुना नाही, खिळा नाही. मुळांच्या जाळ्यात अडकलेली हवा बाहेरची थंडी अडवते.

खरं कसब छपराच्या उतारात. उतार कमी पडला तर पाणी झिरपतं. जास्त झाला तर कोरड्या दिवसांत माती भेगाळते, आणि पुढच्या पावसात घर गळतं.

आत आहे बाथस्तोवा, सगळ्यांची मिळून एक खोली. 11 पलंग, एकेकावर दोघं. सरपण इतकं दुर्मीळ की चूल पेटायची ती स्वयंपाकापुरती. इथली ऊब माणसांच्या अंगाची. हिवाळ्याच्या संध्याकाळी सगळे लोकर विंचरत, सूत काढत बसायचे, आणि एकजण दिव्यापाशी मोठ्यानं वाचायचा. जेवणही पलंगावर बसूनच. प्रत्येकाचं स्वतःचं, झाकण असलेलं लाकडी भांडं. त्याला म्हणतात आस्कुर.

अशा घराला सारखा हात लावावा लागतो. ओल धरली की भिंत खचते. मग तेवढी उतरवायची, पुन्हा रचायची. आज ग्लॉयम्बायर संग्रहालय आहे, तरी हे काम सुटलेलं नाही. जाणते हात मात्र फार थोडे उरलेत, याची काळजी वाटते. म्हणूनच या परिसरात आता हे बांधकाम शिकवणारे वर्ग भरतात. चिखलात उभं राहून, पहिलं ढेकूळ कापण्यापासून.