को जागर्ति : रग्बीच्या अंतिम सामन्यापूर्वीची नाशिकमधली एक रात्र

(दृश्य : गोदाघाट, संध्याकाळ. रामकुंडाच्या पायऱ्यांवर तुरळक माणसे. पूर्वेकडे चंद्र वर येतो आहे.)

शनिवार, 28 ऑक्टोबर 2023. त्या दिवशी कोजागरी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होते. त्यामुळे एरवी मध्यरात्री गच्चीवर उकळत ठेवल्या जाणाऱ्या मसाला दुधाचे यंदा काय करायचे, असा प्रश्न नाशिकच्या घराघरांत सकाळपासूनच पडला होता. ग्रहणाचा स्पर्श रात्री 1 वाजून 5 मिनिटांनी होता, मोक्ष 2 वाजून 24 मिनिटांनी होता, आणि वेध तर दुपारीच लागले होते. काहींनी नैवेद्य दाखवून घोटभर दूध घेतले, काहींनी कोजागरी दुसऱ्या दिवसावर ढकलली, आणि ज्यांना यातले काहीच मान्य नव्हते त्यांनी नेहमीसारखी मैफल जमवली.

गंगापूर रोडवरच्या या गच्चीवर जमलेले आम्ही सहा जण मात्र वेगळ्याच कारणासाठी जागणार होतो. पॅरिसला लागून असलेल्या स्ताद द फ्रान्स या मैदानावर त्या रात्री न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे साडेबारा. ‘को जागर्ति’ असे विचारत लक्ष्मी याच रात्री फिरते म्हणतात. तिने वर पाहिले असते, तर भिंतीला टेकवलेला टीव्ही, त्याला जोडलेला मोबाइल आणि कोणाच्या बाजूने ओरडावे हे अजून न ठरलेली सहा माणसे तिला दिसली असती.

हे न ठरणे हाच या चित्रफितीचा विषय आहे.

ज्याचा देश अंतिम सामन्यात असतो, त्याला बाजू निवडावी लागत नाही. ती जन्मासोबतच मिळते. भारताचा पुरुष संघ रग्बी विश्वचषकाला आजवर एकदाही पात्र ठरलेला नाही. महिला संघाने पंधरा खेळाडूंच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला तो जून 2019 मध्ये, मनिला येथे, सिंगापूरला 21–19 असे हरवून. तेव्हा नाशिकमध्ये रग्बी पाहणाऱ्या माणसाला बाजू स्वतःच शोधावी लागते, आणि शोधताना तिच्या विरुद्धचे मुद्देही त्याच्याच हाती लागतात. त्यातून हे शहर त्या आठवड्यात पूर्णपणे क्रिकेटच्या विश्वचषकात बुडालेले होते. त्याच दिवशी धर्मशाळा येथे ऑस्ट्रेलियाच्या 388 धावांचा पाठलाग करताना न्यूझीलंडचा संघ 383 धावांवर थांबला होता आणि दुसऱ्या दिवशी लखनौला भारत विरुद्ध इंग्लंड सामना होता. ‘मध्यरात्री कसली मॅच?’ या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर कोणाला फारसे पटल्याचे आठवत नाही.

(दृश्य : शाळेचे मैदान, सकाळ. खो-खोच्या खांबांमधून मुली लंबगोल चेंडू एकमेकींकडे फेकत धावत आहेत.)

आमच्यापैकी एक शहरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहेत. पुण्यात शिकत असताना त्या रग्बी खेळल्या, आणि आता खो-खो खेळणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा हा लंबगोल चेंडू हाताळायला देतात. त्यांचे म्हणणे असे की, खो-खोतला सूर आणि कबड्डीतली पकड ज्या मुलीला येते, तिला टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणे, वेगळा शिकवावा लागत नाही. अवघड जाते ते एवढेच, की चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. पुढे धावायचे, पण द्यायचा तो मागच्याला. समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ट्राय, त्याचे 5 गुण. त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी 2, आणि पेनल्टीचे 3. बाकीचे नियम मुली खेळता खेळता शिकतात. काही नियम मात्र पंचांनाही खेळता खेळताच कळत असावेत, अशी शंका आम्हाला अधूनमधून येते.

बाईंचा जीव न्यूझीलंडवर. चेंडू हातोहात फिरवत, मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोकळी जागा शोधत जाणारा खेळ त्यांना खरा खेळ वाटतो. दक्षिण आफ्रिकेवर त्यांचा राग होता तो राखीव खेळाडूंच्या निवडीवरून. राखीव आठ जणांपैकी साधारणपणे पाच किंवा सहा जण फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघ खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना ढकलतात तेव्हा) रेटा देणारे धिप्पाड गडी असतात आणि उरलेले बॅक, म्हणजे मागून पळणारे. दक्षिण आफ्रिकेने अंतिम सामन्यासाठी सात फॉरवर्ड आणि एकच बॅक जाहीर केला होता. उत्तरार्धात समोरचे दमले की ताज्या दमाची ही जवळजवळ संपूर्ण फळी आत सोडायची, हा त्यामागचा हिशेब. ‘बॉम्ब स्क्वॉड’ या नावाने ही फळी ओळखली जाते. 25 ऑगस्टला लंडनमधल्या ट्विकनहॅम मैदानावर याच मांडणीने त्यांनी न्यूझीलंडला 35–7 असे हरवले होते, आणि न्यूझीलंडच्या तोवरच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव होता. नियमात बसते म्हणून सगळे खिलाडू ठरते का, असे बाई विचारत होत्या. तरीही चांगला स्क्रम पाहिला की आधी टाळी त्यांचीच पडते, हे आम्ही सगळ्यांनी अनेकदा पाहिले आहे, आणि त्या स्वतःही ते नाकारत नाहीत.

न्यूझीलंडच्या बाजूने उभे राहणेही त्या वर्षी सोपे नव्हते. 2022 मध्ये या संघाने आयर्लंडविरुद्धची मालिका प्रथमच मायदेशात गमावली होती, अर्जेंटिनाकडूनही प्रथमच घरच्या मैदानावर हार पत्करली होती, आणि प्रशिक्षक इयान फॉस्टर यांच्या जागी विश्वचषकानंतर स्कॉट रॉबर्टसन येणार हे मार्च 2023 मध्येच जाहीर झाले होते. ज्याला निरोप देऊन ठेवला आहे, त्याच माणसाने संघ अंतिम सामन्यापर्यंत आणला होता. सलामीच्या सामन्यात फ्रान्सकडून 13–27 असे हरलेला हा संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाला 44–6 असे नमवून आला होता.

(दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. छाटणी झालेल्या वेली, तारांवर फुटू लागलेले कोंब.)

दुसरे सदस्य दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार आहेत. ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचा आणि नंतरच्या फवारण्यांचा हंगाम. डावणी या द्राक्षांवरच्या रोगाच्या भीतीने पहाटे उठणाऱ्या माणसाने रात्री अडीचपर्यंत जागणे म्हणजे घरच्यांच्या मते निव्वळ वेडेपणा. दक्षिण आफ्रिका हा देश त्यांना रग्बीच्या आधी द्राक्षांमुळे ठाऊक झाला. युरोपच्या बाजारात हिवाळ्यात आधी तिकडचा माल उतरतो आणि जानेवारीपासून नाशिकचा पोहोचू लागतो. तिकडचा हंगाम लांबला की इकडचे दर खाली येतात. म्हणजे वर्षातले चार महिने ज्या देशाचा माल लवकर संपावा म्हणून हे गृहस्थ देवाला साकडे घालतात, त्याच देशाची हिरवी जर्सी घालून ते गच्चीवर आले होते. विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की बागेतला वैरी वेगळा आणि मैदानावरचा गडी वेगळा. उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सवर 29–28 आणि उपांत्य सामन्यात इंग्लंडवर 16–15, असे लागोपाठ दोन विजय एकेका गुणाने मिळवणाऱ्या संघाबद्दल त्यांना आपुलकी वाटते, कारण एका गुणावर तगून राहणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तिसरे आमचे सुभेदार. देवळाली कॅम्पला राहतात. फौजेत असताना रग्बी शिकले आणि स्क्रमच्या पहिल्या ओळीत खेळले. त्यांची मान अजूनही एका बाजूला पूर्ण वळत नाही, आणि याचा त्यांना अभिमानच आहे. फॉरवर्डांचा खेळ त्यांना आवडणार हे उघडच होते, परंतु हिरवी जर्सी अंगात घालायला ते कधीच तयार झाले नाहीत. त्याचे कारण त्यांनी त्या रात्री प्रथमच नीट सांगितले. 1974 मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी राजवटीचा निषेध म्हणून भारताने तो सामना खेळलाच नाही आणि चषक समोरच्यांना मिळाला. तेव्हा शाळकरी वयाचे असलेल्या सुभेदारांच्या मनात त्या देशाविषयीची जी पहिली आठवण बसली, ती ही.

हिरव्या जर्सीचा इतिहास त्यांना तपशीलवार पाठ आहे. 1976 मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, म्हणून वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला गेला, तेव्हा हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. म्हणजे ज्या दोन संघांचा सामना आम्ही पाहणार होतो, त्यांच्या वैरात खेळाखेरीजचेही बरेच काही मुरलेले आहे. 1987 आणि 1991 या पहिल्या दोन विश्वचषकांत दक्षिण आफ्रिकेला स्थानच नव्हते. 1995 मध्ये जोहान्सबर्गला न्यूझीलंडविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी जादा वेळेत 15–12 असा जिंकला आणि कर्णधार फ्रान्स्वा पिनार यांच्या हाती चषक देताना नेल्सन मंडेला यांनी तीच हिरवी, सहा क्रमांकाची जर्सी घातली होती. त्या अंतिम संघात गौरेतर खेळाडू मात्र एकच होता, चेस्टर विल्यम्स. ‘मंडेलांनी घातली म्हणून मी घालावी, असं नाही,’ असे सुभेदार म्हणायचे, आणि या आमच्या वादाला कधी शेवट नसायचा.

2018 मध्ये सिया कोलिसी दक्षिण आफ्रिकेचे पहिले कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाले. झ्विडे या गरीब वस्तीत वाढलेल्या या खेळाडूच्या नेतृत्वाखाली संघाने 2019 चा विश्वचषक जिंकला. 2023 च्या एप्रिलमध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली असताना ऑगस्टमध्ये ते पुन्हा मैदानात उतरले. सुभेदारांचे बालपण पंचवटीत, काळाराम मंदिराच्या परिसरात गेले. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या मंदिराच्या दारात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, त्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला कोलिसी यांच्या हाती चषक पाहताना काय वाटत असेल, ते आम्ही विचारले नाही. एवढेच दिसले की, त्या रात्री बागायतदारांनी जादा आणलेली हिरवी जर्सी सुभेदारांनी नाकारली नाही आणि घातलीही नाही. घडी करून मांडीवर ठेवली.

निवेदकाची अवस्था याहून वाईट होती. माझा संघ आयर्लंड. या स्पर्धेची गटवारी डिसेंबर 2020 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे आधी, काढली गेली होती, आणि मधल्या काळात क्रमवारी पार बदलली. परिणामी जगातले पहिले चार संघ एकाच बाजूला अडकले आणि त्यांतले दोन उपांत्यपूर्व फेरीतच बाद होणार हे आधीच ठरून गेले. सलग 17 सामने जिंकलेला आयर्लंड न्यूझीलंडकडून 24–28 असा हरला. शेवटच्या हल्ल्यात त्यांनी 37 वेळा चेंडू पुन्हा पुन्हा पुढे रेटला, तरी रेषा ओलांडता आली नाही. गटात दक्षिण आफ्रिकेला 13–8 असे हरवणारा संघ घरी गेला आणि हरलेला संघ अंतिम सामन्यात आला. दोघांनीही आधीच तीन-तीन वेळा चषक जिंकलेला असल्यामुळे, जिंकणारा प्रथमच चौथ्यांदा विजेता ठरणार, एवढीच काय ती नवलाई. मला हा सामना पाहायचा होता, आणि शक्य असते तर दोघांनीही हरावे असे वाटत होते.

(दृश्य : गच्ची, मध्यरात्र. झाकण ठेवलेले दुधाचे पातेले, त्यावर तुळशीचे पान. मागे टीव्हीचा निळसर उजेड.)

बाराच्या पुढे गप्पा आपोआप कमी झाल्या. पॅरिसला पाऊस होता, आणि ओल्या चेंडूने हातोहात खेळ करणे अवघड जाते, म्हणून बाई त्या ढगांवरही नाराज होत्या. राष्ट्रगीते झाली. मग न्यूझीलंडचे खेळाडू हाका या माओरी नृत्यासाठी उभे राहिले. आपल्या भाषेत हाका म्हणजे दुरून घातलेली साद, आणि शब्दांचा हा योगायोग दरवेळी कोणीतरी बोलून दाखवतोच. या वेळी तो मान बागायतदारांनी घेतला. हाका संपेपर्यंत बाई उभ्या होत्या. समोर हिरव्या रांगेत कोलिसी निश्चल उभे होते. सुभेदारांनी मांडीवरची जर्सी उलगडून एकदा पाहिली आणि पुन्हा तशीच घडी घातली.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला लाल कार्ड मिळाले, आणि पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले ते पहिलेच. चौदा जणांनी खेळूनही संपूर्ण सामन्यातला एकमेव ट्राय न्यूझीलंडच्याच बोडेन बॅरेटने केला, आणि दक्षिण आफ्रिकेचे सर्व 12 गुण हान्द्रे पोलार्ड यांच्या चार पेनल्टींतून आले. 12–11. पुन्हा एकाच गुणाने. मधल्या काळात चंद्राच्या कडेचा लहानसा तुकडा काळवंडला होता आणि आमच्यापैकी कोणी तो धड पाहिलासुद्धा नाही. सामन्याची शेवटची मिनिटे आणि ग्रहणाचा मोक्ष जवळजवळ एकाच सुमारास आले. बाई न बोलता खुर्च्या गोळा करू लागल्या, बागायतदार पहाटेच्या फवारणीसाठी गाडीची किल्ली शोधू लागले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून विचारले, ‘सुटलं का हो?’

‘सुटलं, काकू,’ सुभेदार कठड्यावरून वाकून म्हणाले, ‘एका गुणानं.’