चॅलेंजर डीप: अकरा किलोमीटर खाली

23 जानेवारी 1960. पॅसिफिक महासागर, ग्वाम बेटाच्या नैऋत्येला. स्विस संशोधक जॅक पिकार्ड आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ यानाच्या पोलादी गोळ्यात बसून खाली चाललेत, समुद्रातल्या सर्वात खोल जागी, चॅलेंजर डीपला. नऊ किलोमीटर उतरून झाले आणि धडाम! सगळं यान थरथरलं. दोघांनी उपकरणं पाहिली. सगळं ठीक होतं. ते उतरत राहिले.

या जागेचा पहिला ठाव दोरानं लागला होता. 1875 मध्ये ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजानं वजन बांधलेला दोर इथं सोडला, तो 8 किलोमीटरच्याही खाली गेला. पुढे दोराची जागा आवाजानं घेतली. जहाजावरून सोडलेला आवाज तळाला आपटून परत यायला चौदा सेकंदांहून जास्त लागतात. त्यावरून कळलं, खोली जवळजवळ 11 किलोमीटर आहे.

एवढा खड्डा पडला कसा? पॅसिफिकचा जुना, थंड, जड झालेला भूपट्ट इथं शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो आणि तळालाही सोबत खाली ओढतो.

‘त्रिएस्त’ यानाला पाण्यात तोलून धरत होतं पेट्रोल. ते पाण्यापेक्षा हलकं, आणि दाबानं फारसं आक्रसत नाही. वर यायचं तर लोखंडी छर्रे सोडून द्यायचे. इतकी साधी युक्ती, आणि तिच्यावर दोन जिवांचा भरवसा! बाहेर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त भार होता.

तळ आला, तेव्हा वाटेतल्या त्या ‘धडाम’ आवाजाचं कारण दिसलं: प्रवेशमार्गाच्या खिडकीला तडा गेला होता. दोघं तिथं जेमतेम वीस मिनिटं थांबले. यान टेकताच उठलेल्या गाळानं सगळं झाकोळलं, त्यामुळे फोटो नाहीत. पिकार्ड म्हणाले, मला चपटा मासा दिसला.

आज शास्त्रज्ञांना ते पटत नाही. एवढ्या दाबात प्रथिनं टिकवणारं रसायन माशाच्या अंगात साठत जातं, पण साधारण 8,400 मीटरच्या खाली तेही पुरं पडत नाही. 2022 मध्ये जपानजवळच्या गर्तेत 8,336 मीटरवर एक मासा कॅमेऱ्यात आला.

पण तळ ओसाड नाही. झिंग्यांचे दूरचे नातलग, अँफिपॉड, तिथं राहतात. त्या दाबात आणि थंडीत चुन्याचं कवच विरघळायला हवं. त्यांच्यातली एक जात गाळातून ॲल्युमिनियम मिळवते आणि त्याचा लेप आपल्या कवचावर चढवते.