बेसूर ऐकूच येत नाही

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मराठी चॅनेलवरच्या गाण्याच्या स्पर्धांशी माझं भांडण नाहीये. घरी लागलेल्या असतात, मीही बघतो, एखादं पोरगं असं काही गातं की हातातलं काम राहून जातं. माझी तक्रार एकच आहे, या स्पर्धेत कोण कुठे चुकलं हे आपल्याला कळूच देत नाहीत. क्रिकेटमध्ये दांडी उडाली की सगळ्यांना दिसते, इथे दांडीच दाखवत नाहीत, थेट निकाल सांगतात.

आता परीक्षकांचं बघा. समजा एक मुलगी भावगीत गातेय. अंतऱ्यात वरच्या सा ला गेली, सा किंचित खालीच राहिला, तो झाकायला तिने पटकन एक मुरकी, म्हणजे दोन-चार स्वरांची झटपट गिरकी मारली, आणि शेवटच्या ओळीत दम पुरला नाही म्हणून शब्दाच्या मधेच श्वास घेतला. यातलं एक जरी परीक्षकाने नीट फोड करून सांगितलं ना, तरी घरी बसून ऐकणाऱ्या, क्लासला जाणाऱ्या सगळ्या पोरांची फुकटात एक शिकवणी होईल. पण आपल्याला ऐकायला काय मिळतं, तर 'अंगावर काटा आला', 'आज तू स्टेज खाऊन टाकलंस', नाहीतर 'माझ्याकडे शब्दच नाहीयेत'. अहो, शब्द हवेत म्हणूनच तर तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय! (हशा)

आणि त्यांना कळत नाही असं अजिबात नाही हां. यातले बरेचसे स्वतः उत्तम गायक-संगीतकार आहेत, रेकॉर्डिंगला हीच माणसं एका स्वरासाठी परत परत टेक घ्यायला लावतील. पण समोर कॅमेरा आहे, मुलीची आई प्रेक्षकांत बसून डोळे पुसतेय, त्यात 'तुझा सा लागला नाही' असं कोण म्हणणार?

बरं, समजा म्हणाला एखादा खमक्या. तरी पुढे गंमत आहेच. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे आणि टीव्हीवरच्या गाण्यात ते वापरलं जातं हे आता उघड गुपित आहे. शूटिंग झालं की आवाज मिक्सिंगला जातो, तिथे खाली राहिलेला सा उचलून जागेवर ठेवता येतो. म्हणजे परीक्षक म्हणतो सूर हलला, आणि आपण घरी ऐकतो तर सगळं चकचकीत. मग लोक म्हणतात, हा माणूस उगाच खार खातो पोरीवर. खरं बोलणाराच खोटा पडतो की! आणि त्याहून वाईट म्हणजे आपला कान बिघडतो, मग खरोखरच्या मैफलीत एखाद्या गायकाचा आवाज जरा खरखरला की आपल्याला वाटतं हा काही तयार नाही.

आकाशवाणीची ऑडिशन आठवा. तिथे बी, बी हाय, ए, टॉप अशा ग्रेड मिळतात. कलाकाराच्या घरची परिस्थिती, त्याचा कुर्ता, त्याच्या आजीचे अश्रू यांचा त्या ग्रेडशी काहीएक संबंध नसतो. नापास झालेले रुसायचे, मोठमोठे रुसलेत, त्या पद्धतीवरही टीका झाली, पण नापास होण्याला निदान गाण्यातलं कारण असायचं. इथे स्पर्धक बाहेर जातो तेव्हा कारण असतं 'मतं कमी पडली'. आधी एसएमएस होते, आता ॲप आलं, मामला तोच. गावात फ्लेक्स लागतो, 'आपल्या तालुक्याच्या लेकीला विजयी करा', आणि जिचा तालुका छोटा ती घरी.

यावर हमखास उत्तर येतं की अहो पण २००८-०९ चं लहान मुलांचं 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' बघा, केवढी गुणी पोरं मिळाली. मिळाली ना, मान्यच आहे. पण जिंकलेल्या कार्तिकी गायकवाडच्या घरी वडील गाणारे, आर्या आंबेकरच्या घरी आई जयपूर घराण्याची गायिका. तालीम घरात झाली होती, चॅनेलने ती दाखवली, आणि छान दाखवली, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. घोळ पुढे झाला, बघणाऱ्या आईबापांना वाटलं की ही पोरं स्टेजवरच घडली. मग सहा महिन्यांच्या क्लासवर ऑडिशनच्या रांगा, आवाज फुटायच्या वयातल्या मुलाला चढ्या पट्टीत ओरडायला लावणं, सगळं आलं. त्या वयात मुलाच्या गळ्याला जपायचं असतं, पट्टी उतरवायची असते, पण शूटिंगची तारीख थोडीच थांबते.

अजून एक, पटकन सांगतो. गाणं म्हणजे मुखडा आणि एक अंतरा, त्यात मधेच परीक्षकांचे चेहरे. खळेकाकांची, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळ्यांची चाल दुसऱ्या अंतऱ्यात कशी वळते ते ऐकायला मिळतच नाही. आणि गीतकार-संगीतकाराचं नाव? आलं तर खाली पट्टीत, वाचेपर्यंत गायब.

माझी मागणी फार मोठी नाहीये. आठवड्यातून एक भाग असा करा, मिक्सिंगला हात न लावता जसं गायलं तसं दाखवा, गाणं पूर्ण होऊ द्या, आणि परीक्षकाने पेटी पुढ्यात घेऊन कुठे काय झालं ते वाजवून दाखवायचं. टीआरपी पडेल म्हणतात. पडू दे की एक दिवस, बाकीचे दिवस आहेतच काटा यायला.