निवट्याची अंडी राहतात हवेत!

ठाण्याची खाडी म्हणा, उरण म्हणा, अलिबागकडची खाजणं म्हणा, ओहोटी लागली की चिखलावर टुणटुण उड्या मारणारे हे निवटे मासे तुम्ही बघितलेच असतील, बऱ्याच जणांनी कालवणातून चाखलेही असतील. पण ह्यांची अंडी बघितलीयेत का कधी? ती असतात खाली बिळात, आणि तिथे जे चालतं ना ते एकदम भारी आहे.

मेन प्रॉब्लेम असा की बिळातल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, चिखलातले बॅक्टेरियाच तो संपवतात. त्या पाण्यात अंडी ठेवली तर गेलीच म्हणायची. मग हे पठ्ठे काय करतात, तर पाण्यात ठेवतच नाहीत. मासा असून!

ह्याचा छडा लावला जपानमध्ये. नागासाकी युनिव्हर्सिटीचे आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांची टीम, रिसर्च छापून आला २००७ साली. मासा तिकडचा, आपल्या निवट्यांचा भाऊबंद. बीळ खाली जातं आणि टोकाला परत वर वळतं, त्या वरच्या टोकात हवा साठवलेली आणि अंडी आतून भिंतीला चिकटवलेली. मादी अंडी घालून मोकळी, पुढची सगळी ड्युटी नराची.

आता ह्याला नीट बघा. बिळाच्या तोंडाशी आला, तोंडभर हवा घेतली, गाल टम्म फुगलेत बघा, गेला आत, हवा सोडली, आला परत वर. प्रत्येक ओहोटीला हाच उद्योग, कारण वाढणारी अंडी आतला ऑक्सिजन संपवत असतात आणि पाणी चढलं की बाहेरून हवा आणायची सोय नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. आतली पिल्लं तयार झाली की एका रात्री भरती चढताना हाच बाप उलटं काम सुरू करतो, आतली हवा तोंडात भरून बाहेर नेऊन सोडतो, इतके दिवस मरमर करून भरलेली हवा! हवा गेली की पाणी वर चढतं, अंडी बुडतात आणि बुडाली की फुटतात. आता हे टायमिंग त्याला कसं जमतं देव जाणे, कारण पाणी आधीच घुसलं असतं तर सगळी अंडी वाया.

पिल्लं निघतात ती थेट पाण्यात, बाप काही मागे जात नाही. काही आठवडे ती पाण्यातच तरंगत वाढतात, त्यात बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात, उरलेली येतात चिखलावर.