प्रवासी कोणाला म्हणायचं? गार्सडेल स्टेशनची गोष्ट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'एका इंग्रजी खेड्यातलं रेल्वे स्टेशन : इतिहास आणि सेवा'. सेवांकडे मी येणार आहे. पण आधी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. प्रवासी कोणाला म्हणायचं?

स्टेशनचं नाव गार्सडेल. उत्तर इंग्लंडात पेनाइन डोंगरांतून सेटल ते कार्लाइल ही ७२ मैलांची लाईन जाते, तिच्या जवळजवळ माथ्यावर हे स्टेशन आहे. पूर्वी हा भाग यॉर्कशरमध्ये होता, आता कंब्रियात मोडतो. गाव म्हणजे दरीत विखुरलेली शेतघरं, दगडी गडगे आणि मेंढ्या. बाजाराचं गाव हॉज, तेही सहा मैलांवर. मग एवढ्या उंचावर, एवढ्या वाऱ्यात स्टेशन बांधलं कोणी आणि कशासाठी?

बांधलं मिडलंड रेल्वेनं, आणि तेही मनाविरुद्ध. स्कॉटलंडला जायला त्यांना दुसऱ्या कंपनीचे रूळ वापरावे लागत आणि ती कंपनी यांच्या गाड्या रखडवत असे. म्हणून १८६६ साली यांनी स्वतःच्या लाईनची परवानगी मिळवली. पुढे दोघांचं जुळलं, तेव्हा मिडलंडनं पार्लमेंटला सांगितलं की आता आम्हाला ही लाईन नको. पार्लमेंट म्हणालं, बांधायची! मग हजारो मजुरांनी बर्फात, चिखलात ती बांधली. १८७६ च्या मे महिन्यात प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्ये आपलं स्टेशन उघडलं. तेव्हा नाव होतं हॉज जंक्शन, कारण इथून हॉजला फाटा जायचा होता.

कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. इथं जादा इंजिन पुढे जोडत. चढ संपला की हॉज जंक्शनला ते सोडवायचं, फिरत्या चकतीवर वळवायचं आणि परत पाठवायचं. इथला वारा असा, की एकदा चकतीवरचं इंजिन वाऱ्यानंच गरगर फिरवलं आणि खड्ड्यात वाळू ओतली तेव्हा कुठे ते थांबलं, असं तिथले लोक आजही सांगतात. नंतर चकतीभोवती रुळांखालच्या जुन्या स्लीपरांचं उंच कुंपण उभं केलं.

स्टेशनशेजारी रेल्वेच्या माणसांची दगडी घरं होती. जवळ दुसरी सोय फारशी नाही, म्हणून पुष्कळसं स्टेशनातच. वेटिंग रूममध्ये चर्चची प्रार्थना व्हायची, तिथंच पुस्तकांचं कपाट होतं. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत पत्त्यांचे डाव मांडले जायचे, नाच व्हायचे. मला हे फार मोलाचं वाटतं. तिकीट न काढता स्टेशन वापरणारी ही माणसं प्रवासी होती की नव्हती?

एका दिवसाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण माझे वडील भुसावळ विभागात केबिनमन, म्हणजे केबिनमधून सिग्नल चालवणारे, होते. २४ डिसेंबर १९१०. ख्रिसमसच्या आदल्या दिवशीची पहाट, काळोख, पाऊस, वारा. केबिनमध्ये आल्फ्रेड सटन, रात्रपाळी संपत आलेली. सोडवलेल्या इंजिनांची एकसारखी ये-जा चाललेली. त्यातली दोन इंजिनं कार्लाइलकडे जायला मेन लाईनवर सिग्नलची वाट बघत उभी होती, ती सटन विसरला. मागून लंडनहून ग्लासगोला जाणारी एक्सप्रेस आली. त्यानं तिच्यासाठी सिग्नल दिला. इंजिनांच्या ड्रायव्हरांना वाटलं, आपल्यालाच मिळाला, आणि ते निघाले. पुढे काही अंतरावर एक्सप्रेसनं त्यांना मागून गाठलं. डब्यांत गॅसचे दिवे होते. आग लागली. बारा माणसं गेली.

चूक माझी, हे सटननं लगेच सांगितलं, काहीही लपवलं नाही. वडिलांना मी हे वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "ड्रायव्हरनं फायरमनला केबिनमध्ये पाठवायला हवं होतं." फायरमन म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा ड्रायव्हरचा जोडीदार. नियम होताच तसा : सिग्नलला खोळंबलात तर माणूस पाठवून केबिनला आठवण द्या. रुळावर गाडी उभी असेल तर मागच्या गाडीला सिग्नल मिळूच नये, अशी विजेची सोय मिडलंडनं पुढे शेकडो ठिकाणी बसवली, ती या अपघातानंतर.

आता कुत्र्याकडे वळतो. ज्यांनी माझं आधी ऐकलंय ते हसताहेत, पण ही गोष्ट मी पुन्हा सांगणार.

१९८० नंतर ही लाईन बंद करायचं घाटत होतं. लांबच्या गाड्या दुसरीकडून वळवल्या, दिवसाला जाऊन-येऊन दोन-दोनच गाड्या उरवल्या आणि मग म्हणायला मोकळे, बघा, प्रवासीच नाहीत! याच लाईनीवरचा रिबलहेडचा २४ कमानींचा पूल मोडकळीला आलाय, दुरुस्ती परवडत नाही, हे दुसरं कारण. १९८३ च्या अखेरीस बंदची रीतसर नोटीस निघाली. १९६२ च्या कायद्यात मेख अशी, की हरकत घ्यायची तर तुम्ही त्या लाईनीचे प्रवासी हवेत, आणि बंदमुळे तुमचे काय हाल होतील एवढंच बोलायचं. लाईन देखणी आहे, इतिहास मोठा आहे, हे सगळं विषयाबाहेर.

लाईन वाचवायला झटणाऱ्या मित्रमंडळाच्या संस्थापकांपैकी एक ग्रॅहम नटल, बर्नलीचा. त्याचा कॉली जातीचा कुत्रा रसवॉर्प. हे व्हिटबीजवळच्या एका खेड्याचं नाव, तिथले लोक उच्चारतात 'रसप'. हरकती वीस हजारांच्या वर गेल्या आणि त्यांत एका कागदावर रसवॉर्पच्या पंज्याचा ठसा होता. ती हरकत ग्राह्य धरली गेली! कारण त्याचं तिकीट काढलेलं होतं. कायद्याच्या भाषेत तो पैसे भरणारा प्रवासी होता.

११ एप्रिल १९८९ रोजी लाईन वाचल्याचं जाहीर झालं. पुढच्याच जानेवारीत ग्रॅहम आणि रसवॉर्प एका दिवसासाठी वेल्सच्या डोंगरांत फिरायला गेले, ते परतले नाहीत. शोध झाला, पत्रकं लागली. ७ एप्रिलला एका वाटसरूला ओढ्याकाठी ग्रॅहमचा मृतदेह दिसला. शेजारी रसवॉर्प होता. ऐन हिवाळ्यातले अकरा आठवडे, चौदा वर्षांचा कुत्रा. इतका थकलेला, की त्याला उचलून खाली आणावं लागलं. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला, नंतर थोड्याच दिवसांत गेला.

गार्सडेल हे ग्रॅहमचं लाडकं स्टेशन. ११ एप्रिल २००९ ला तिथल्या प्लॅटफॉर्मवर रसवॉर्पचा ब्राँझचा पुतळा बसवला. तो रुळांपलीकडे ग्रॅहमच्या आठवणीतल्या बाकाकडे बघत बसलाय. मी त्या बाकावर बसलोय. समोर तो, मध्ये रूळ. एक गाडी येऊन गेली आणि डबे सरकल्यावर तो पुन्हा दिसला, तेव्हा डोळे भरून आले.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिलीये, तेव्हा सेवा भराभर सांगतो. हॉजचा फाटा १८७८ ला सुरू झाला आणि १९५९ ला प्रवाशांसाठी बंद झाला. ४ मे १९७० रोजी गार्सडेलसकट मधली लहान स्टेशनं बंद झाली. गाड्या धावत, पण थांबत नसत. १९७५ पासून यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानाच्या पुढाकारानं सुट्टीच्या दिवशी 'डेल्सरेल' गाड्या थांबू लागल्या, डोंगर चढणारी मंडळी उतरू लागली. बंदची नोटीस डोक्यावर टांगलेली असताना, १९८६ च्या जुलैत, आठ स्टेशनं रोजच्या गाड्यांसाठी परत उघडली, त्यांत गार्सडेल होतं. हे घडलं रॉन कॉटनमुळे. ब्रिटिश रेलनं, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेनं, त्यांना लाईन बंद करायच्या कामावर नेमलं होतं, त्यांनी गाड्या वाढवल्या आणि स्वस्त तिकिटं काढली. १९८३ ला वर्षाला ९३ हजार प्रवास होत होते, १९८९ पर्यंत ते साडेचार लाखांवर गेले. म्हणजे गाडी थांबवा, प्रवासी येतो. मला आज मुख्यतः हेच मांडायचं होतं आणि त्याला दोनच मिनिटं उरली. रिबलहेडच्या पुलाची दुरुस्तीही अंदाजापेक्षा पुष्कळ स्वस्तात झाली.

आज लीड्स-कार्लाइल गाड्या दिवसातून मोजक्या वेळा थांबतात. स्टेशनवर कर्मचारी नाही. १९१० ची लाकडी केबिन उभी आहे. ती चकती वर्थ व्हॅलीच्या हौशी रेल्वेवाल्यांनी कीथलीला नेली. फाट्याचे रूळ उखडले गेले, त्यामुळे हॉजला आता बसनं जायचं. गावकऱ्यांनीच चालवलेली छोटी पांढरी बस स्टेशनवर येते. जाणार असाल तर तिची वेळ आधी बघून ठेवा, आणि परतीची गाडी यायच्या अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर पोहोचा, त्या बाकावर बसायला.