डावा हात भात्यावरून उठला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गंगाखेडकडच्या गावांत सप्ताह बसायचा असला, की पखवाजाला कोण आणि पेटीला कोण, हे सगळ्यात आधी ठरतं. आमच्या गावात पेटी गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. मी परभणीत राहतो, शाळेत गणित शिकवतो, पण एकादशीला गावी भजनाला बसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज मी पियानोबद्दल बोलणार आहे आणि माझे हात पेटीवर घडलेले आहेत.

चार वर्षांपूर्वी मी पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकायला घेतला. शिकवणारं जवळपास कुणी सापडलं नाही. छत्रपती संभाजीनगरला जाऊन यायचं म्हटलं, तर एका तासाच्या शिकवणीपायी अख्खा दिवस जातो. मग राहिला मोबाइल आणि त्यावरचे व्हिडिओ. जगातले नावाजलेले शिक्षक तिथे फुकट शिकवतात. मी ते मनापासून पाहिले, लिहून घेतले, आणि तरीही पहिले सहा महिने चुकीचं शिकलो. त्यात व्हिडिओचा दोष थोडा आणि माझ्या पाहण्याचा जास्त होता, असं आज मला वाटतं. माझ्यासारखे कितीतरी जण आज घरी बसून असं शिकत असतील. मी कुठे अडकलो, ते त्यांना सांगावं म्हणून इथे आलो आहे.

आधी वाद्याचं बोलू. तारांचा लाकडी पियानो आपल्याकडे सांभाळणं फार अवघड. त्याच्या आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा असतो. आपला मे महिना लाकूड वाळवतो, जुलै-ऑगस्ट ते फुगवतात, आणि स्वर उतरतात किंवा चढतात. तो लावायला जाणकार माणूस लांबून बोलवावा लागतो. म्हणून मी डिजिटल पियानो घेतला. त्याच्या ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, खऱ्या पियानोसारख्या जड असतात. ऑर्केस्ट्रात दिसणारा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड यासाठी घेऊ नका. त्याच्या पट्ट्या स्प्रिंगच्या आणि हलक्या असतात, त्यावर चाली निघतील, पण हात तयार होणार नाही. पायानं दाबायचं पेडल फरशीवर सरकतं, ही एक लहान अडचण. आमच्या घरात शहाबादी आहे, मी पेडलखाली गोणपाट अंथरलं आहे.

आता मूळ फरक सांगतो. पेटीत पट्टी दाबली की छिद्र उघडतं, हवा सूरपट्टीवरून, म्हणजे आतल्या धातूच्या पातळ पातीवरून, जाते आणि स्वर उभा राहतो. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. बोटानं पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, फरक नाही. पियानोत भाता नाही. पट्टी दाबली की आतला लहानसा हातोडा तारेवर झेपावतो आणि तारेला लागून लगेच मागे येतो. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्या अंतरात हातोड्याला जो वेग मिळेल, त्यावर स्वर हळू की मोठा हे ठरतं. शिवाय तारेला लागण्याच्या किंचित आधीच हातोडा पट्टीपासून सुटलेला असतो. म्हणजे स्वर निघाल्यावर पट्टी तळाशी कितीही जोरानं दाबून धरली, तरी त्या स्वराचा आवाज वाढत नाही. डिजिटल वाद्यात तारांच्या जागी सेन्सर असतात, पण तेही पट्टी किती वेगानं खाली गेली हेच मोजतात.

मी पंचवीस वर्षं पट्टी दाबून धरत आलो होतो. पेटीत ते चालतं. स्वर धरून ठेवायचा आणि भात्यानं जागता ठेवायचा, हीच तर आपल्या भजनातली गंमत. पियानोचा स्वर मात्र निघाल्या क्षणापासून मावळायला लागतो. पुढचा स्वर त्या मावळतीत अलगद आणून ठेवायचा असतो, तेव्हा दोन स्वर जोडल्यासारखे वाटतात. मागचा स्वर किती उरला आहे ते कानानं ऐकायचं आणि तेवढ्याच वजनानं पुढचा टाकायचा. हे जमायला मला दीड वर्ष लागलं.

इथे थोडं बाजूला जातो. ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिथे १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यात मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, नाहीत, हा आक्षेप होता, आणि रागसंगीताच्या बाजूनं पाहिलं तर तो खोटा नव्हता. पण तेच ठरीव स्वर पियानोतही आहेत, आणि युरोपातल्या संगीतकारांनी त्यांच्यावर एका वेळी दोन-दोन, चार-चार स्वरांच्या चाली रचल्या. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला असतो, म्हणून त्या बाजूकडे आपण कधी वळलोच नाही. हा विचार मनात आला, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा एक अख्खा हात पंचवीस वर्षं संगीताबाहेर बसून होता.

तर व्हिडिओ. शिकवण्याच्या बहुतेक व्हिडिओंत कॅमेरा वर टांगलेला असतो. त्यात बोटं फार स्वच्छ दिसतात. कोणतं बोट कुठे पडलं, अंगठा कधी खालून सरकला, सगळं कळतं. अंगठ्याला १ आणि करंगळीला ५, दोन्ही हातांना हेच आकडे. पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, वाजवायचा, तर उजव्या हाताला एक-दोन-तीन, मग अंगठा खालून घेऊन पुन्हा एक-दोन-तीन-चार-पाच. आम्ही भजनातले पेटीवाले तीन बोटांवर भागवतो, त्यामुळे हे गणित मला फार आवडलं. मी महिनाभर तेच घोकलं. बोटं बरोबर पडायला लागली. व्हिडिओतल्यासारखी दिसायलाही लागली.

आणि तिसऱ्या महिन्यात उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ठणकायला लागला. फळ्यावर लिहिताना खडू धरवेना. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्या दिवसांत रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराबद्दल वाचलं. विशी ओलांडता ओलांडता त्याच्या उजव्या हाताचं बोट कायमचं अधू झालं आणि पियानोवादक होणं त्याला सोडावं लागलं. पुढे तो फार मोठा रचनाकार झाला, ही गोष्ट वेगळी. मी मात्र घाबरलो. मला तर एकादशीची पेटीही गमवायची नव्हती.

हात बरा झाल्यावर माझ्या मुलीनं एक साधी गोष्ट केली. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून माझ्या बाजूला, मनगटाच्या उंचीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही वाजवा, मी तुमचाच व्हिडिओ काढते." तो पाहिला आणि सगळं समजलं. मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबत होतं. खांदे कानाकडे चढले होते. करंगळी वाजवताना अंगठा ताठ उभा राहत होता. आणि प्रत्येक स्वर निघून गेल्यावरही मी पट्टी तळाशी दाबून धरत होतो, पेटीसारखी. वरच्या कॅमेऱ्यात यातलं काहीही दिसत नाही, कारण वरून पाहिलं की उंची कळत नाही आणि वजनही कळत नाही.

समोर बसलेला गुरू मनगट हातात घेऊन हलवून पाहतो. पेटी शिकताना माझ्या गुरुजींनी माझी बोटं धरून सूर दाखवले होते. व्हिडिओतला शिक्षक, कितीही थोर असला, तरी माझ्या मनगटापर्यंत पोचू शकत नाही. ते काम मग आपल्यालाच करावं लागतं. मी एक करतो, तुम्हीही करून पाहा. उजवं मनगट डाव्या हातानं उचला आणि डावा हात एकदम काढून घ्या. उजवा हात मांडीवर धपकन पडला, तर तो सैल आहे. हवेतच थांबला, तर त्यात ताण आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. माझा हात पहिले कित्येक दिवस हवेतच थांबायचा.

वजन म्हणजे काय, हे मला कळलं ते घरातच. माय ज्वारीची भाकरी थापत होती. मी तिच्या हाताकडे पाहत बसलो. ती बोटांनी पीठ दाबत नाही. तळवा पडतो, उठतो, मनगट मऊ असतं आणि भाकरी आपोआप फिरत मोठी होते. दहा भाकरी थापून तिचा हात दुखत नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "दाबून थापली की चिरती रे बाबा. हात सोडून द्यायचा." त्या संध्याकाळी मी फक्त एकच स्वर वाजवला, अर्धा तास. हात सोडायचा, स्वर निघाला की दाब काढायचा, पट्टी खाली राहील एवढंच वजन ठेवायचं.

अशा सैल हाताला बसायला चांगली जागा कोणती, हे पोलंडमध्ये जन्मलेल्या शोपँ या पियानोवादक-संगीतकारानं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे. तो शिष्यांचा हात आधी पाच ठरावीक पट्ट्यांवर ठेवायचा. आपल्या भाषेत सांगतो, घरी पेटी असेल तर हात ठेवून पाहा. अंगठा पांढरी तीनवर, पुढची तीन लांब बोटं काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, करंगळी पांढरी सातवर. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळतात, आखूड बोटांना खालच्या, आणि हात कसलीही ओढाताण न होता पसरतो. म्हणूनच तो पांढरी सातचं सप्तक आधी शिकवायचा. ज्याला सगळे सोपं समजतात ते सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक त्यानं शेवटी ठेवलं होतं. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक व्हिडिओंची सुरुवात तिथूनच होते. मी शोपँचं ऐकलं आणि माझा अंगठा प्रथमच सहज सरकला.

आता मी व्हिडिओ कसे पाहतो तेही सांगतो. वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या पडतील तशा आपण दाबायच्या, असले व्हिडिओ मी पूर्ण सोडले. त्यातून कोणती पट्टी एवढंच कळतं, कोणतं बोट आणि कसा हात हे काहीच कळत नाही. ज्या शिक्षकाचा कॅमेरा बाजूनंही असतो, ज्याचं कोपर आणि खांदा दिसतो, त्यालाच धरतो. एक व्हिडिओ आठवडाभर पुरवतो. आधी आवाज बंद करून फक्त त्याचं मनगट पाहतो. मग वेग अर्धा करून. मग डोळे मिटून नुसतं ऐकतो. रियाज वीस-वीस मिनिटांचा, दिवसातून दोनदा, रात्रीचा हेडफोन लावून. दर रविवारी माझा व्हिडिओ काढतो आणि शिक्षकाच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहतो. दुखलं की त्या दिवशी थांबतो.

महिन्यातून एकदा पैसे देऊन व्हिडिओ कॉलवर एका शिक्षिकांकडे शिकतो, आणि ज्यांना परवडेल त्यांनी हे करावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त कॉलवर आवाज उशिरा पोचतो, दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. आणि कॉलचं ॲप लांबलेल्या स्वराला गोंगाट समजून कापून टाकतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू करावा लागतो. पहिल्या तासाला हे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांना माझं निम्मं वादन ऐकूच गेलं नाही.

पहिली खरी रचना मी वाजवली ती जी मेजर या सप्तकातला मिनुएट, म्हणजे युरोपातल्या एका जुन्या नाचाच्या चालीची रचना. बाख या जर्मन संगीतकारानं आपल्या पत्नीसाठी १७२५ साली केलेल्या वहीतली ही छोटी रचना. पुष्कळ व्हिडिओंवर आजही ती बाखची म्हणून लिहिलेली असते, पण ती ख्रिस्टियान पेट्सोल्ड या संगीतकाराची आहे. त्यातला डावा हात नुसती साथ करत नाही. तो स्वतःच्या वाटेनं चालतो, मध्येच उजव्याला उत्तर देतो. तीन मात्रांचा ठेका, दादऱ्याच्या अर्ध्यासारखा. उजवा हात दोन आठवड्यांत बसला. डाव्याला तीन महिने लागले. दोन्ही एकत्र यायला त्याहून जास्त.

गेल्या कार्तिकीला गावी भजन सुटल्यावर पेटी समोरच होती. भाच्याला म्हटलं, तू पलीकडे बस आणि नुसता भाता मार. डावा हात भात्यावरून उचलला आणि पट्ट्यांवर ठेवला. मिनुएटचे पहिले आठ बार, म्हणजे तीन-तीन मात्रांचे आठ खंड, आमच्या साडेतीन सप्तकांच्या पेटीत बसतात. हळू लयीत वाजवले. पखवाज गवसणीत घालणारे नाना थांबले. आतल्या खोलीतून मायनं विचारलं, "पेटीवर तुझ्याबरोबर अजून कोण बसलंय रे?"

सध्या पुढच्या आठ बारांवर काम चालू आहे. त्यातला एक स्वर पेटीत बसत नाही, त्याला पियानोच लागतो.

नमस्कार.